परीक्षा न देणाऱ्या मुलाचं घर

साक्री तालुक्यातलं सामोडे. उसाच्या पाचटाची झोपडी, आत आई मोहाची दारू विकायची. वडील जन्माआधीच गेलेले. तान्हं पोर रडू लागलं की गिऱ्हाइकं खोळंबत, म्हणून त्याच्या तोंडात दारूचे थेंब टाकून त्याला निजवत. थोडं मोठं झाल्यावर पिणारे त्याला चखणा आणायला पिटाळत, वर काही पैसे हातावर टेकवत. त्या पैशांतून तो पुस्तकं घ्यायचा. हा मुलगा पुढे डॉक्टर झाला, नंदुरबारचा जिल्हाधिकारीही झाला. डॉ. राजेंद्र भारूड यांचं ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे आत्मकथन अनेकांनी वाचलं असेल.

अशा पुस्तकातून आपण जिद्द तेवढी उचलतो. आईला मात्र मनातल्या मनात आरोपी करतो. दारूला विरोध इथे जुनाच. आजच्या नंदुरबार जिल्ह्यात संत गुलाम महाराजांनी ‘आप की जय’ म्हणत आदिवासींना दारू सोडायला सांगितलं. पुढे १९७०च्या दशकात शहाद्याकडच्या श्रमिक संघटनेतल्या बायकांनी दारूची मडकी फोडली. त्यांचं काही चुकलं नाही. घरची मजुरी त्या मडक्यात बुडत होती आणि मार त्यांच्याच पाठीवर पडत होता. पण त्याच मडक्यावर एखाद्या विधवेची चूल पेटत असेल, तर मडकं फोडणाऱ्याने तिच्या चुलीचंही पाहायला हवं. नाहीतर तो न्याय अर्धाच.

भारूडांना जिद्दीइतकीच आणखी एका गोष्टीने साथ दिली. अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात त्यांना खाट, ताट आणि शिक्षक मिळाले. दुसरं घरच ते. पण त्या घरात शिरायला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तितकंच उपाशी, तितकंच भेदरलेलं, पण गणितात कच्चं पोर बाहेरच राहतं. आश्रमशाळा त्याला घेते. सुट्टी लागली की ते पुन्हा तशाच झोपडीत, पिणाऱ्यांच्या घोळक्यात.

नुसतं छप्पर मिळूनही भागत नाही. बार्बरा किंगसॉल्व्हर यांच्या ‘डेमन कॉपरहेड’ या कादंबरीला २०२३ साली पुलित्झर मिळालं. तिच्यातला मुलगा सरकारी पैशावर परक्या घरी ठेवला जातो. ते घर पैसा घेतं आणि पोराला तंबाखूच्या शेतात राबवतं. आपल्याकडेही बालसंगोपन योजना आहे. मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. पैसा हवाच. पण रात्री पोर दचकून उठलं, तर त्याला जवळ घेण्याचं काम योजनेच्या कागदावर सोपवता येत नाही. ते मामा-मावशीचं, शेजाऱ्याचं, शिक्षकाचं आहे.

हुशार मुलाला आधार देण्यात आपलाही थोडा स्वार्थ असतो. उद्या तो मोठा झाला, की ‘आम्ही ओळखतो त्याला’ असं सांगता येतं. ज्याच्याकडून असं काहीच परत मिळणार नाही, त्या पोराला घरात घेणं ही खरी कसोटी. लहानपण गुणांवर वाटायची गोष्ट नाही. नापास होणाऱ्या पोरालाही ते तितकंच लागतं.