अज्जी कुठे आहे?

दुधनीत आमच्या घरात कन्नड बोलतात, शाळेत मराठी. अज्जी लिंगायत. रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करणारी. पप्पांच्या आजारपणात आई प्रार्थनेला जाऊ लागली आणि पुढे आम्ही तिघांनीही बाप्तिस्मा घेतला. अज्जीने नाही घेतला. ती भांडली नाही, आम्हाला अडवलंही नाही. "माझं माझ्यापाशी आहे," एवढंच म्हणायची.

ती गेली तेव्हा मंडळीतली माणसं रात्रीच आली. लिंगायतांतही पुरतात आणि ख्रिस्ती लोकांतही. जंगमांनी सांगितलं तसा खड्डा खणायला मंडळीतली पोरं पुढे झाली. तीन दिवस आमच्याकडे भाकरी त्यांच्या घरांतून आली. महिनाभराने एक बाहेरगावचे उपदेशक आले. ख्रिस्ताला न स्वीकारता मेलेला माणूस कायमच्या अग्नीत जातो, असं त्यांनी सांगितलं आणि विचारलं, "तुमच्या घरातलं असं कोण गेलंय?" आई मान खाली घालून बसली. खड्डा खणणारी पोरं शेजारीच होती. त्यांनी 'आमेन' म्हटलं.

तेव्हापासून मला प्रश्न पडलाय, की या पोरांचं खरं कोणतं? त्यांचे हात की त्यांचं आमेन?

नरक हा शब्द आपल्याला नवा नाही. पण पुराणांतला नरक भोगून संपतो, पुढचा जन्म असतो. ख्रिस्ती उपदेशातला नरक बहुतेक वेळा न संपणारा असतो. शब्द तोच राहिला, मुदत बदलली. अज्जीचं तर तिसरंच. स्वर्ग-नरक मेल्यानंतरच्या जागा नव्हेत, माणसाच्या वागण्यात आहेत, हा बसवण्णांचा विचार तिने लहानपणापासून ऐकलेला.

सुवार्ता सांगणाऱ्याची बाजू मला कळते. पुढचा पूल वाहून गेलाय हे ज्याला ठाऊक आहे, त्याने रस्त्यात उभं राहून ओरडलंच पाहिजे. गप्प बसणं ही सभ्यता नव्हे, निर्दयपणा आहे. पण हा दाखला दोन ठिकाणी अडतो. पूल पुराने वाहून जातो, नरकाचा निवाडा मात्र देवाचा, आणि तोच देव प्रेम आहे असंही आपण म्हणतो. दुसरं म्हणजे, आधीच नदीत पडलेल्याला उद्देशून कोणी इशारा देत नाही. मेलेल्यांबद्दल दिलेल्या निकालाने एकही माणूस वाचत नाही. त्याने फक्त जिवंत माणसं घाबरतात.

हा प्रश्न आमच्या घरातच उगवलेला नाही. सोलापूर-नगर भागात ज्या अमेरिकन मराठी मिशनने काम केलं, तिच्यातले रॉबर्ट ह्यूम मुंबईत जन्मलेले आणि १८७४पासून नगरला काम करणारे. १८८६ साली रजेवर अमेरिकेत असताना त्यांनी अँडोव्हरच्या धर्मशिक्षकांच्या एका मताला जाहीर पाठिंबा दिला: ज्यांनी ख्रिस्ताबद्दल कधी ऐकलंच नाही, त्यांना मृत्यूनंतर संधी मिळत असेल, असं मानायला जागा असावी. त्यावर मोठा वाद झाला. असं असेल तर मिशनरी पाठवायचेच कशाला, असा विरोधकांचा सवाल होता. अमेरिकन बोर्डाने त्यांचं परतणं रोखून धरलं. १८८७मध्ये अखेर परवानगी मिळाली आणि पुढे कित्येक दशकं ते नगरला राबले, दुष्काळातसुद्धा. विरोधकांच्या सवालाला मला हेच उत्तर पुरेसं वाटतं. नरकाची भीती सैल झाली म्हणून त्यांचे हात थांबले नाहीत.

पण ह्यूम मला पूर्ण सोडवत नाहीत. अज्जीने ऐकलं होतं. चांगलं दहा वर्षं ऐकलं होतं. 'तिला संधीच मिळाली नाही' ही पळवाट मला नाही. मात्र तिने नेमकं काय ऐकलं? तिच्या कानावर आलं ते 'ते लिंग उतरव'. तिने ख्रिस्ताला नाकारलं, की आयुष्यभर जे जपलं त्याच्याशी दगा करायला नाकारलं? बाहेरून दोन्ही नकार सारखेच दिसतात. आतलं पाहणारा देवच असेल, तर निकाल त्याच्याकडे राहू द्यावा. ना. वा. टिळकांनी १९१७मध्ये 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. माणसांनी घातलेलं कुंपण हेच देवाचं कुंपण, असं ते मानत नसावेत.

मी अजून उपासनेला जातो. मंडळी सोडावी असं वाटलं नाही, कारण त्या रात्री आलेली माणसं तिथेच आहेत. पण नरक कोणाचा हे कोणी सांगायला लागलं, की मी आमेन म्हणत नाही. मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा खड्डा खणणाऱ्यांपैकी एकाला विचारलं, "अज्जी कुठे असेल रे?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तिच्या हातचं खाल्लंय मी. मला नको विचारूस."