मूळ प्रत आणि सुधारलेली प्रत

एखादी कृति लोकांच्या हातीं देऊन वीस वर्षें लोटल्यावर तिच्या मालकानेंच ती सुधारून पुन्हा विक्रीस मांडली, तर रसिकानें कोणती घ्यावी, हा प्रश्न ग्रंथांच्या व चित्रपटांच्या संबंधांत पुष्कळदां चर्चिला गेला आहे. व्हिडिओ गेमच्या संबंधांत तो निघाला म्हणजे मात्र विद्वान् मंडळी स्मित करून विषय बदलतात. आमच्या मतें त्यांनीं इतकी घाई करूं नये. ग्रंथांच्या बाबतींत या प्रश्नाचें जें अंग झांकलेलें राहतें तें येथें उघडें पडतें. कारण नवी आवृत्ति निघाली म्हणून ग्रंथाची जुनी प्रत कपाटांतून उठून जात नाहीं, आणि खेळाची पुष्कळदां जाते.

उदाहरणादाखल 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास' हा खेळ घेऊं. रॉकस्टार कंपनीनें तो २००४ सालीं प्लेस्टेशन २ या यंत्रासाठीं काढला. काळ १९९२ सालचा. देश अमेरिकेचा पश्चिम किनारा. लॉस एंजलिस, सॅन फ्रान्सिस्को व लास व्हेगस या तीन शहरांचीं नांवें पालटून तीं एका कल्पित प्रांतांत बसविलेलीं आहेत. आईच्या मृत्यूनंतर कार्ल जॉन्सन नांवाचा तरुण आपल्या जुन्या वस्तींत परत येतो, येथून कथेस आरंभ होतो. कथेंतील मारामाऱ्या व चोऱ्या यांवर नीतिवाद्यांचे जे आक्षेप आहेत ते आपण बाजूस ठेवूं. तो निराळ्या लेखाचा विषय आहे. आम्हांस येथें पाहावयाचें आहे तें त्या प्रांतांतील धुकें.

ज्या यंत्रासाठीं हा खेळ रचला गेला त्याची मुख्य स्मृति अवघी ३२ मेगाबाइट होती. एवढ्याशा जागेंत तीन शहरें, अरण्यें, वाळवंट आणि डोंगर एकदम मांडणें शक्य नव्हतें. म्हणून खेळणारा जेथें उभा असेल तेथला भाग तेवढा नीट दाखवावा, दूरचा धूसर करून टाकावा, आणि तो पुढें सरकेल तसतसें पुढचें मांडीत जावें, अशी योजना होती. धुकें हें गरिबीचें पांघरूण होतें, यांत संशय नाहीं. पण त्या पांघरुणाखालीं काय घडलें तें पाहण्यासारखें आहे. शहर सोडून वळणावळणाच्या रस्त्यानें डोंगराकडे निघालेल्या माणसास थोड्याच वेळांत मागचें शहर दिसेनासें होई, आणि पुढचें अजून दिसत नसे. मधली कांहीं मिनिटांची वाट त्यास दूरदेशच्या प्रवासासारखी वाटे. आपण घरापासून फार लांब आलों, येथें आपलें कोणी नाहीं, ही जी भावना त्या कथेस हवी होती ती कोणत्याहि संवादानें दिली नाहीं. ती धुक्यानें दिली. प्रांत वस्तुतः लहानसाच आहे. न दिसण्यामुळें तो विशाल झाला.

२०२१ सालच्या नोव्हेंबरच्या ११ तारखेस या खेळाची, त्याच्या दोन वडील भावंडांसह, सुधारलेली आवृत्ति बाहेर पडली. नव्या यंत्रांस स्मृतीची ददात नाहीं. तेव्हां दूरवरचें सर्व कांहीं स्वच्छ दिसूं लागलें. डोंगरमाथ्यावर उभें राहावें किंवा विमानांत बसून वर जावें, तों एका शहरापलीकडे दुसरें शहर, त्याला लागूनच वाळवंट, असा सारा प्रांत ताटांत वाढल्यासारखा समोर आला; आणि ज्यास इतकीं वर्षें देश समजत होतों तें चार आळ्यांचें गांव निघालें. एकहि रस्ता आंखूड केला नव्हता, एकहि टेकडी हालविली नव्हती. एक दोष काढला, आणि दोषाबरोबर अंतर निघून गेलें.

त्याच आवृत्तींतील दुसरी एक गोष्ट जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांस फार ओळखीची वाटेल. खेळांत 'टफ नट डोनट्स' नांवाचें खाद्यपदार्थांचें एक दुकान आहे. दुकानाच्या माथ्यावर, बोल्टाला लावतात तसला सहा कोपऱ्यांचा लोखंडी नट, भला थोरला करून, बसविलेला आहे. विनोद सामान्यच; परंतु तो सर्वस्वीं त्या सहा कोपऱ्यांवर उभा आहे. नव्या आवृत्तींत जुन्या ओबडधोबड आकृत्या गुळगुळीत करण्यांत आल्या, त्यांत या नटाचेहि कोपरे गेले व तो वाटोळा झाला. दुकान राहिलें, पाटी राहिली, कोटी मेली. अर्थ न कळलेला कठिण शब्द खोडून त्या जागीं ओळखीचा सोपा शब्द लिहिणारा लेखनिक पाठचिकित्सा करणाऱ्यांस पदोपदीं भेटतो. त्याचा हेतु कधींच वाईट नसतो, आणि अक्षर बहुधा मूळ लेखकापेक्षां चांगलें असतें.

याचा अर्थ जुनें तेवढें सोनें असा मात्र कोणी करूं नये. जुन्या खेळांत एखाद्या मोहिमेच्या शेवटच्या क्षणीं पाय घसरला कीं सारा रस्ता पुन्हा तुडवून पहिल्यापासून आरंभ करावा लागे. नव्यांत तेथल्या तेथें पुन्हा प्रयत्न करतां येतो. नेम धरण्याची रीतहि पुष्कळ सोयीची झाली आहे. दिवसभर काम करून रात्रीं तासभर खेळूं पाहणाऱ्या गृहस्थास या सोयी तुच्छ वाटणार नाहींत, आणि वाटूंहि नयेत. शिवाय, आपण ज्यास 'मूळ' म्हणतों तें तरी मूळ कोठें राहिलें आहे ? तो खेळ फुगीर काचेच्या जुन्या टेलिव्हिजन संचावर पाहावयाचा म्हणून रंगविलेला होता. त्या काचेवर रंगांच्या कडा एकमेकींत विरघळत. तीच तबकडी आजच्या सपाट पडद्यावर लावली तर त्या कडा करवतीच्या दातांसारख्या दिसतात. तेव्हां जें दिसलें तेंच पुन्हा पाहावयाचें तर तबकडी पुरत नाहीं. संच हवा, आणि खरें म्हटलें तर तें वयहि हवें. मूळ आवृत्तीच्या कैवाऱ्यांपैकीं कित्येकांचें प्रेम खेळावर नसून स्वतःच्या पंधराव्या वर्षावर असतें, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं.

मग सुधारणाऱ्यानें हात कोठें घालावा ? जो दोष कर्त्याला केवळ सोसावा लागला तो, आणि जो दोष त्यानें कामाला जुंपला तो, असे दोन प्रकार करतां येतील. मोहीम पुन्हा पहिल्यापासून करावी लागणें हा पहिला प्रकार. धुकें हा दुसरा. वर्गीकरण कागदावर फार नेटकें दिसतें. अडचण एवढीच, कीं एखादा दोष कोणत्या प्रकारांतला, हें पुष्कळदां तो काढून टाकल्यावरच कळतें. २०२१ पूर्वीं त्या धुक्याचें कोणी फारसें कौतुक केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. म्हणून प्रत्येक सुधारणा हें, ती कितीहि विचारपूर्वक केलेली असो, सुधारणाऱ्याचें मूळ कृतीविषयींचें एक मत आहे, असें आम्ही समजतों. मत देण्याचा अधिकार कोणासहि आहे; मालकास तर आहेच. परंतु मत बरोबर कीं चूक हें ज्यावर घासून पाहावयाचें ती वस्तु मूळ प्रत होय. मतानें ती वस्तूच नाहींशी केली, तर पुढें वाद घालावयाचा कशाच्या आधारें ?

आपल्याकडे शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि यापुढें कोणी आपल्या पदरच्या ओव्या तींत घालूं नयेत असें बजावून ठेविलें. एवढ्या अधिकारी पुरुषाचें शोधन झाल्यावर जुन्या पोथ्यांची गरज ती काय, असें कोणी म्हटलें असतें तर तें त्या काळीं अयोग्यहि ठरलें नसतें. तरी पोथ्या ज्यांच्या घरीं होत्या त्यांच्या घरीं राहिल्या. राजवाड्यांनीं १९०९ सालीं एकनाथपूर्व म्हणून एक पाठ छापला. तो खरोखर तसा आहे किंवा नाहीं याविषयीं मतभेद असोत, पण दोन पाठ शेजारीं ठेवून मतभेद करण्याची सोय झाली. नाथांनीं कोणाच्या कपाटाला हात लावला नव्हता.

खेळांच्या धंद्यांत कपाटालाच हात लागतो. सॅन अँड्रियासची नवी आवृत्ति निघण्यापूर्वींच, २०२१ च्या ऑक्टोबरांत, कंपनीनें तिन्ही जुन्या खेळांची इंटरनेटवरील विक्री थांबविली. पुढें नव्या आवृत्तींतील चुका लोकांच्या डोळ्यांवर आल्या. पाऊस पांढऱ्या दोऱ्यांसारखा पडूं लागला, पाट्यांवरील अक्षरें बिघडलीं, आणि मोठा गवगवा झाला. १९ नोव्हेंबरास कंपनीनें क्षमा मागितली व संगणकावरील जुन्या आवृत्त्या आपल्या दुकानांत परत ठेवण्याचें वचन दिलें. याला लोकमताचा विजय म्हणतात. आम्हांस त्यांत वेगळेंच कांहीं दिसतें. नवी आवृत्ति बरी उतरली असती, तर कोणी ओरडलें नसतें आणि जुनी निमूटपणें गेली असती. निवड लोकांच्या हातीं राहिली ती कोणाच्या न्यायबुद्धीमुळें नव्हे, तर काम फसलें म्हणून.

ब्लिझर्ड कंपनीच्या 'वॉरक्राफ्ट ३' या २००२ सालच्या खेळाची गोष्ट तर याहून पुढची आहे. २८ जानेवारी २०२० रोजीं त्याची नवी आवृत्ति निघाली, तेव्हां ज्यांनीं ती विकत घेतली नव्हती, जुन्याच खेळावर जे संतुष्ट होते, त्यांनाहि इंटरनेटवरून परस्परांशीं खेळावयाचें तर नवी संहिता आपल्या संगणकांत उतरवून घेणें भाग पडलें. खेळाडूंची श्रेणीवारी, त्यांचीं मंडळें, अशा जुन्या खेळांतील गोष्टी नव्यांत आरंभीं नव्हत्या. विकत घेतलेलें पुस्तक रात्रींतून आपल्या फडताळावर बदललेलें आढळावें आणि त्यांतलीं कांहीं प्रकरणें गळालेलीं असावीं, असा हा प्रकार. नवी आवृत्ति घेऊन निराश झालेल्यांस पैसे परत मिळाले. ज्यांनीं ती घेतलीच नव्हती त्यांना परत काय द्यावयाचें ?

याच कंपनीनें तीनच वर्षांपूर्वीं अगदीं उलट वर्तन केलें होतें, हें येथें सांगणें न्यायाचें होईल. तिच्या १९९८ सालच्या 'स्टारक्राफ्ट' या खेळाची सुधारलेली आवृत्ति २०१७ सालीं निघाली. तत्पूर्वीं मूळ खेळ विनामूल्य करण्यांत आला. आणि नव्या आवृत्तींत संगणकाची एक कळ दाबली कीं नवें चित्र जाऊन जुनें येतें, पुन्हा दाबली कीं नवें येतें. खेळाच्या अंतरंगाला, त्यांतील जुन्या खोडींसुद्धां, धक्का लावला नाहीं. कारण कोरियांत त्या खोडींवर प्रभुत्व मिळवून पोट भरणारे खेळाडू होते. धाक असला म्हणजे विवेक लवकर सुचतो.

सर्वत्र असा धाक कोठून असणार ? खेळांचा इतिहास जतन करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेनें २०२३ सालीं पाहणी केली, तींत २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के बाजारांत कोणत्याहि रूपानें मिळत नाहींत असें आढळलें. यांतील बहुतेकांच्या नशिबीं सुधारलेली आवृत्तिहि नाहीं.

२०२४ च्या नोव्हेंबरांत झालेल्या दुरुस्तीनें सॅन अँड्रियासच्या नव्या आवृत्तींत जुन्या धर्तीचा प्रकाश व आकाश निवडण्याची सोय झाली, आणि दूरचें धुकेंहि परत आलें. जें एकदां दारिद्र्यानें घातलें होतें तें आतां सुखवस्तु यंत्रांकडून मुद्दाम घालून घ्यावें लागतें. आणि तें किती दाट असावें, कोणत्या रंगाचें असावें, याचें माप २००४ सालच्या तबकडींतच आहे. प्रथमच हा खेळ खेळणाऱ्यास वेळ थोडा असेल, तर त्यानें नवी आवृत्ति घेण्यास आमची हरकत नाहीं. फक्त जुना प्रकाश लावून घ्यावा, आणि डोंगर चढून जाईपर्यंत विमानांत बसूं नये.