असत्याचा वाहक निर्दोष असतो काय?



आचाराची चर्चा चालली असता एक प्रश्न वारंवार पुढे येतो. जाणूनबुजून असत्य बोलणारा दोषी, याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु जो मनुष्य असत्यास सत्य समजून, आणि तेही दुसऱ्याच्या कल्याणाच्या इच्छेने, पुढे सांगतो, त्यास दोष लागतो किंवा नाही? “मला ठाऊक नव्हते” एवढे म्हटल्याने तो मोकळा होतो काय? हा प्रश्न केवळ तर्काचा असता तर त्याची चर्चा पंडितांवर सोपवून देता आली असती. परंतु आपल्याच सारखी झोळी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माणसांच्या मृत्यूने तो आपल्या दारात आणून ठेवला आहे.

१ जुलै २०१८ हा रविवारचा दिवस. आपल्या नाशिक जिल्ह्यास लागून असलेल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. मंगळवेढ्याच्या बाजूने भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या दिवशी तेथे आले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची आवई त्या भागात आधीच उठलेली होती. जमावाने त्या पाच जणांस टोळीतलेच ठरविले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारहाण करून पाचांचेही प्राण घेतले. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यातील मालेगावी अशाच संशयाने पाच जणांस जमावाने घेरले होते. तेथे पोलिसांनी त्यांस जमावाच्या हातून सोडविले, म्हणून ते वाचले.

ही आवई कशी सिद्ध झाली होती, हे समजून घेण्याजोगे आहे. त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून एक चित्रफीत फिरत होती. दोघे दुचाकीस्वार येतात, रस्त्यात खेळणारे मूल उचलतात आणि निघून जातात, एवढेच तीत दिसे. वस्तुतः ती पाकिस्तानातील कराची येथील एका बालरक्षक संस्थेने पालकांच्या जागृतीसाठी तयार केलेली बोधफीत होती. मूळ फितीच्या अखेरीस तेच दुचाकीस्वार मुलास परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवण्याचा इशारा देणारा फलक दाखवितात. कोणीतरी तो अखेरचा भाग कापून टाकला. जी गोष्ट मुलांच्या रक्षणासाठी रचली होती, तीच शेवट कापल्याने निरपराध माणसांच्या वधास कारण झाली. असत्य नेहमी सर्वस्वी रचलेलेच असते असे नाही. पुष्कळदा ते अर्धे कापलेले सत्य असते, आणि म्हणूनच ते अधिक घातक होते.

आता स्वतःविषयी सांगणे प्राप्त आहे. राईनपाड्याच्या घटनेपूर्वी थोडे दिवस मी निफाड तालुक्यातील एका उपदेशी कुटुंबाकडे उतरलो होतो. घरातील तरुणाने आपला भ्रमणध्वनी पुढे केला आणि म्हणाला, “बाबा, हे पाहा, काय चाललंय ते.” अंगणात लेकरे खेळत होती. मी चष्मा लावून तो संदेश सर्वांस मोठ्याने वाचून दाखविला आणि वर घरच्या माऊलींस सांगितले, “मुलांस सांभाळा. अनोळखी माणसास दारात उभे करू नका.” हे सांगताना माझ्या बोलण्यात काही विपरीत आहे, असे मला क्षणभरही वाटले नाही. मी स्वतः परगावाहून आलेला, झोळी जवळ ठेवून त्यांच्या ओसरीवर बसलेला, आणि मीच त्यांस अनोळखी माणसाची भीती घालीत होतो! चार दिवसांनी वर्तमानपत्रात राईनपाड्याची वार्ता वाचली. पुढे कळले की, त्याच आठवड्यात त्या वस्तीवर आलेल्या एका बहुरूप्यास लोकांनी काठ्या घेऊन हुसकावून लावले होते. तो जिवानिशी सुटला. माझे वाक्य त्या काठ्यांपर्यंत पोहोचले होते किंवा नाही, हे मला कधीच कळणार नाही.

माझा हेतू शुद्ध होता. लेकरांविषयीची कळवळही खोटी नव्हती. मग दोष कोठे झाला? याचा विचार करता भयाचे स्वरूप प्रथम ध्यानात घ्यावे लागते.

भय हे स्वभावतः पाप नव्हे. देहधारी जीवास ते असतेच. परंतु लोकांस आपल्या मतलबासाठी चालविणारे जे असतात, ते या भयाचा फार कौशल्याने उपयोग करितात. ते आपणांस दुर्गुणाकडे बोलावीत नाहीत. ते आपल्या सद्गुणासच हाक मारतात. मुलांचे रक्षण कर, गावाचे रक्षण कर, धर्माचे रक्षण कर, असे त्यांचे सांगणे असते. त्यामुळे ऐकणाऱ्यास आपण कर्तव्यच करीत आहोत असे वाटते. दुसरे असे की, ते विचारास अवकाश ठेवीत नाहीत. “ताबडतोब सर्वांस कळवा” हे वाक्य अशा संदेशात बहुधा असतेच. आणि तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. ते विचारणाऱ्यासच संशयित ठरवितात. “हे खरे कशावरून?” असे जो म्हणेल, तो चोरांस मिळालेला. अशा रीतीने भय मनुष्याच्या हातून प्रश्नच काढून घेते. आणि प्रश्न गेला की विवेकही जातो.

आपल्या शास्त्रात अज्ञान आणि अन्यथाज्ञान यांचा भेद सांगितला आहे. तो परमार्थाच्या संदर्भातील आहे खरा, परंतु व्यवहारातही त्याचा बोध घेता येतो. अज्ञानी मनुष्याचे भांडे रिकामे असते. त्यात ज्ञान ओतता येते. अन्यथाज्ञान झालेल्याचे भांडे भरलेले असते, आणि ते अमृतानेच भरलेले आहे अशी त्याची खात्री असते. भयाने भरविलेले मन या दुसऱ्या प्रकारचे होय.

हे भरविण्याचे काम कोणी बुद्धिपुरस्सर हाती घेतले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आफ्रिकेतील रवांडा देशात १९९४ साली जगाने पाहिले. तेथील एका नभोवाणी केंद्रावरून तुत्सी जमातीच्या लोकांस ‘झुरळे’ म्हणून संबोधण्यात येत असे, आणि ते तुमचा घात करणार आहेत असे बहुसंख्य हुतूंच्या मनावर सतत बिंबविले जात असे. सुमारे शंभर दिवसांत लक्षावधी माणसे मारली गेली, आणि पुष्कळांस मारणारे त्यांचेच शेजारी होते. २००३ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या प्रचाराबद्दल तिघांस दोषी ठरविले. २००७ च्या अपिलात त्यांच्या शिक्षा कमी झाल्या, तथापि तिघांपैकी कोणीही निर्दोष सुटला नाही. हातात शस्त्र न घेताही मनुष्य हत्येचा भागीदार होतो, हे तेथे न्यायासनाने मान्य केले.

आपल्याकडेही एका असत्यावर दुसरे असत्य कसे चढते ते पाहावे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हातून मारले गेले. तेथेही चोर-दरोडेखोर फिरत असल्याच्या आवईने लोक आधीच भेदरलेले होते. हत्येनंतर लगेच, मारणारे अमुक धर्माचे होते, असा प्रचार सुरू झाला. अखेर २२ एप्रिलला तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी अटक झालेल्या १०१ जणांची नावे प्रसिद्ध करून त्यांत त्या धर्माचा एकही नसल्याचे सांगितले. आवईने मेलेल्यांची चिता विझते न विझते तोच त्यांच्याच नावाने दुसरी आवई उठावी, यापरते दुर्दैव कोणते?

यावर कोणी म्हणेल, “इशारा शंभर वेळा खोटा ठरला तरी चालेल, परंतु एक लेकरू जाता कामा नये.” हा आक्षेप मातृहृदयातून आलेला आहे, म्हणून त्यास उत्तर दिले पाहिजे. खरा इशारा आणि भयाचा प्रचार यांत एक स्पष्ट अंतर आहे. नदीला पूर आला, काठ सोडा, असे सांगणारा आपणांस काय करावे ते सांगतो. आणि नदीवर जाऊन त्याचे म्हणणे पडताळताही येते. मुले पळविणाऱ्यांच्या त्या संदेशात कोणत्या गावचे मूल गेले, कोणत्या ठाण्यात नोंद झाली, कोणी पाहिले, यांपैकी काहीही नव्हते. त्यात एवढेच होते की, परक्यास भ्या. त्या संदेशाने कोणाचे लेकरू वाचण्याचा मार्गच नव्हता, परके मात्र मारले जाण्याचा होता. आपल्या निफाडकडे द्राक्षांच्या हंगामात पेठ, सुरगाण्याकडची कष्टकरी कुटुंबे लेकराबाळांसह येतात. त्यांतील एखादा बाप आपलेच रडणारे मूल कडेवर घेऊन वाटेने निघाला, तर भयाने भरलेल्या डोळ्यांस तो कोण दिसेल?

श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिलेला जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टान्त आपणां सर्वांस परिचित आहे. एकाच्या हाती पाय लागला, दुसऱ्याच्या हाती कान, आणि प्रत्येकाने त्यावरून हत्ती सांगितला. त्या आंधळ्यांचे ज्ञान एकदेशी होते खरे. परंतु त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगता येते, ती ही की त्यांनी हत्तीस स्वतः हात तरी लावला होता! मी त्या ओसरीवर जे वाचून दाखविले, त्यास मी हातही लावलेला नव्हता.

याच्या उलट म्हाइंभटांचे स्मरण करावे. स्वामींच्या लीळा संग्रहित करण्यासाठी ते ज्यांनी त्या पाहिल्या, ऐकल्या, त्यांच्याकडे गावोगाव गेले, विचारून घेतले, आणि ते सर्व श्रीनागदेवाचार्यांपुढे ठेवून शोधून घेतले. पुढे पाठांत भेद उत्पन्न झाले, तेव्हा आपल्या पूर्वजांनी ते लपविले नाहीत. अमक्याचे म्हणणे असे, तमक्याचे असे, म्हणून नोंदवून ठेवले. ज्यांच्या घरी परमेश्वराच्या लीळासुद्धा विचारून, शोधून लिहिण्याची परंपरा, त्यांनी परक्या माणसाच्या जिवावर उठणारी गोष्ट न विचारता पुढे द्यावी, हे कोणत्या न्यायाने?

शिवाय आपण तरी आवईचे दुःख विसरावे असे नाही. ‘मानभावी’ हा शब्द मराठीत ढोंगी या अर्थाने आजही वापरला जातो. आपल्या पंथाच्या नावातूनच तो निघाला. शतकानुशतके आपल्याविषयी जे न विचारता बोलले गेले, ते असे भाषेतच मुरून बसले. आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत होते, त्यामुळे विचारू इच्छिणाऱ्यासही मार्ग नव्हता, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून संशोधकांनी ते उलगडले आणि पुष्कळ गैरसमज दूर झाले. शब्द मात्र राहिला. एकदा निघालेले असत्य परत बोलावणे किती कठीण, याचा याहून मोठा पुरावा आपणांस नको.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. असत्य रचणाऱ्याचा दोष सर्वांत मोठा. हात उगारणाऱ्याचा दोष उघडच आहे. मधल्या वाहकाविषयी माझे मत असे की, न जाणणे दोन प्रकारचे असते. जे कळण्याचा उपायच नव्हता, त्याचा दोष नाही. परंतु जे विचारले असता कळले असते, आणि विचारले नाही, ते न जाणणे आपण स्वतः पत्करलेले असते. त्यापुढे “मला ठाऊक नव्हते” ही सबब टिकत नाही. त्या दिवशी त्या तरुणास “हे तुला कोणी धाडले, आणि त्याने स्वतः पाहिले काय?” एवढे विचारण्यास मला कितीसा वेळ लागला असता? शुद्ध हेतूने दोष हलका होतो, नाहीसा होत नाही. अहिंसा हा ज्यांच्या आचाराचा पाया, त्यांस तर वाणीच्या हिंसेतून सूट मिळणे नाही.

त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेस आळा घालण्यासाठी सरकारांस निर्देश दिले आणि व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपलीकडे पुढे धाडता येऊ नये अशी मर्यादा घातली. हे उपाय योग्यच आहेत. परंतु पाचांस धाडावयाचे किंवा एकासही नाही, हे शेवटी धाडणाऱ्याच्या विवेकावरच राहते.

शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या जानूखाली येऊन दडला, ती लीळा आपण श्रद्धेने ऐकतो. स्वामींनी शरण आलेला जीव तर दिला नाहीच, परंतु शिकाऱ्यांसही शत्रू न मानता त्यांस विचार करावयास लाविले. जमाव चालून येत असता दार उघडून एखाद्या परक्यास आत घेणे सर्वांस साधेलच असे नाही. परंतु जमाव जमण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे आपल्यापैकी प्रत्येकास साधण्याजोगे आहे.

त्या पावसाळ्यात मी पुन्हा त्या घरी गेलो. मी वाचलेले खोटे होते, आणि मी ते न विचारता वाचले, असे सर्वांसमक्ष सांगितले. घरच्या आजी म्हणाल्या, “बाबा, तुम्ही सांगितलं म्हणूनच तर आम्ही खरं धरलं.” त्या माऊलीच्या बोलण्यात राग नव्हता. परंतु वाहकाचा दोष किती, हे मला त्याहून स्पष्ट कोणत्याही शास्त्राने सांगितले नसते.

इत्यलम्. दण्डवत प्रणाम.