स्वातंत्र्य की सदाचार?

सरकारचा हस्तक्षेप ज्यास असह्य वाटतो, त्यानेच समाजाची नीती मात्र सरकारने राखावी असा आग्रह धरला, तर त्याच्या विचारात सुसंगती उरते काय, हा प्रश्न अमेरिकेतील आधुनिक पुराणमतवादी चळवळीच्या मागे तिच्या जन्मापासून लागलेला आहे. विल्यम बक्ली यांनी १९५५ साली ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढून खुल्या बाजारपेठेचे पुरस्कर्ते, धर्मनिष्ठ परंपरावादी आणि साम्यवादाचे कट्टर वैरी यांची मोट बांधली. त्यांतील फ्रँक मायर यांचा सिद्धांत असा की, सद्गुण हे जीवनाचे साध्य खरे, परंतु सक्तीने अंगी आणलेला सद्गुण हा सद्गुणच नव्हे. उलटपक्षी, सदाचारास पोषक व्यवस्था उभारणे हे राज्याचे कर्तव्यच होय, असे ब्रेंट बोझेल यांनी १९६२ साली त्याच नियतकालिकात प्रतिपादिले. आणि मौज अशी की, सरकारी अधिकारांवर घाव घालणारा जो ग्रंथ १९६० साली सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांच्या नावाने प्रसिद्ध झाला, त्याचे खरे लेखक हेच बोझेल होते!

गोल्डवॉटर यांच्यावरील ‘मिस्टर कॉन्झर्वेटिव्ह’ हा २००६ सालचा अनुबोधपट त्यांच्या नातीच्या पुढाकाराने निघाला असल्याने त्यात आप्तभाव आहे, आणि छायाचित्रणात व हौशी रेडिओत रमणारा हा रोखठोक गृहस्थ पडद्यावर इतका लोभस दिसतो की, प्रेक्षकाने त्याच्या मतांची उलटतपासणी करण्याचे विसरूनच जावे. पट पाहिल्यावर त्या मतांची चर्चा अगत्याची ती याचसाठी. वैयक्तिक वर्तनात वर्णद्वेष्टा नसलेल्या या पुरुषाने, खासगी हॉटेलमालकाच्या व्यवहारात केंद्र सरकारने ढवळाढवळ करणे घटनाबाह्य आहे या भूमिकेवरून, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिले. त्या वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज त्याला लाभली ती दक्षिणेतील पाचच राज्ये. पुढे १९८१ साली धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांच्या धार्मिक राजकारणावरही तो तितक्याच त्वेषाने तुटून पडला.

त्याची निष्ठा, म्हणजे, दोन्ही वेळी स्वातंत्र्यावरच होती. परंतु हॉटेलच्या दारातून परत फिरविलेल्या कृष्णवर्णीय प्रवाशाचे स्वातंत्र्य कोणी हिरावले, या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हते. सक्तीचा सद्गुण फोल, हे मायर यांचे म्हणणे मला मान्य आहे. तथापि सक्ती करणारे सरकार एकटेच नसते, रूढीही तितकीच निष्ठुर सक्ती करते. सरकारची सक्ती तेवढी जुलूम आणि रूढीची सक्ती ती परंपरा, हा पंक्तिप्रपंच जोवर ही चळवळ सोडीत नाही, तोवर तिने दिलेली स्वातंत्र्याची सनद ही काही थोड्यांचीच मिरास राहील.