आधी उतार, मग आकार

भूदृश्यरचनेच्या पाठ्यपुस्तकांत तत्त्वांची यादी ठरलेली असते: एकसंधता, समतोल, प्रमाण, लय, केंद्रबिंदू. प्रक्रियेचे टप्पेही ठरलेले: जागेची पाहणी, विश्लेषण, संकल्पना, आराखडा, बांधणी, देखभाल. दोन्ही याद्या पाठ करणे सोपे आहे, पण त्यांचे एकमेकींशी नाते काय हे सहसा कोणी उलगडून सांगत नाही. परिणामी तत्त्वे चित्रकलेतून उसनी आणल्यासारखी कागदावर वापरली जातात आणि पाहणी हा हद्दी मोजण्याचा उपचार होऊन बसतो. माझ्या मते बागेतले प्रमाण आणि समतोल पाहणीच्याच पोटातून निघतात. जमीन कुठे उतरते, पाणी कुठे साचते, मुरमावर माती किती खोल आहे, माणसे कुठून कुठे जातात, एवढे नीट कळले की पुढचे बरेचसे सौंदर्य आपोआप ठरते.

याचा चांगला पुरावा ऑक्सफर्डजवळच्या ब्लेनहाइम प्रासादाच्या आवारात आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी जॉन व्हॅनब्रू याने तिथल्या दरीवर अवाढव्य पूल बांधायला घेतला. खालून वाहणारी ग्लाइम नदी मात्र जेमतेम ओढ्याएवढी, त्यामुळे पूल हा चेष्टेचा विषय झाला. प्रमाण चुकले होते आणि दगडी पूल काही लहान करता येत नव्हता. १७६० च्या दशकात लॅन्सलॉट ब्राउनकडे काम आले. त्याने पुलाला हात न लावता खालच्या अंगाला बांध घालून नदी अडवली. दरी भरली, पुलाचा खालचा भाग पाण्याखाली गेला आणि विस्तीर्ण तळ्यावर तोच पूल शोभू लागला. प्रमाण हे सौंदर्याचे तत्त्व खरेच, पण इथे ते साधले दरीचा उतार ओळखल्यामुळे.

यावर पहिला आक्षेप व्हर्सायचा येईल. आंद्रे ल नोत्रने दलदलीच्या, पाण्याच्या टंचाईच्या जागी सरळ अक्षांची भूमिती लादली, तरी ती बाग जगभर वाखाणली गेली. मग जागेचे ऐकायचे कशाला? बाग सुंदर आहे, यात वाद नाही. मात्र तिची किंमतही मोजली पाहिजे. कारंज्यांसाठी सेन नदीचे पाणी दीडशे मीटरहून अधिक उंच चढवावे लागले आणि त्यासाठी १६८४ मध्ये मार्लीला १४ प्रचंड चाकांचे यंत्र सुरू झाले. तरीही सगळी कारंजी एकाच वेळी चालेनात. राजा जवळ आला की शिट्टी वाजवून पुढचे कारंजे सोडायचे आणि तो पुढे गेला की मागचे बंद करायचे, अशी व्यवस्था होती. उलट तिथला मोठा कालवा सखल भागात आहे, आजूबाजूच्या ओल्या जमिनीचा निचरा तो घेतो. म्हणजे व्हर्सायमध्येही जिथे उताराचे ऐकले तिथे काम सोपे झाले. जिथे त्याला धुडकावले तिथे खजिना ओतावा लागला.

आपल्याकडे हा खजिना टँकरच्या रूपाने ओतला जातो. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे एका चौरस मीटरवर सुमारे ७०० लिटर पाणी, आणि त्यातले बहुतेक चार महिन्यांत पडून वाहून जाते. उरलेल्या आठ महिन्यांत हिरवळीला रोज चौरस मीटरमागे चार लिटर पाणी धरले, तरी ९६० लिटर लागतात. आभाळ वर्षभरात देते त्याहून अधिक पाणी लॉन एकट्या कोरड्या हंगामात पिते. इंग्लंडात पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो, म्हणून तिथे हिरवळ स्वस्तात जगते. आपण तिचे चित्र तेवढे उचलले. मुलांना खेळायला गवत हवे, हे म्हणणे रास्त आहे. मग गवत सखल, ओल टिकणाऱ्या तुकड्यात लावावे आणि बाकी जागा कडुनिंब, करंज, बकुळ यांच्या सावलीला द्यावी. इथे काळाचाही हिशेब येतो. उद्घाटनाच्या दिवशी जागा भरलेली दिसावी म्हणून रोपे खेटून लावली, तर वीस वर्षांनी झाडे एकमेकांना दाबतात आणि मग छाटणी हीच देखभाल होऊन बसते.

दुसरा आक्षेप असा की शहरात जमिनीचा मूळ स्वभाव उरलेलाच नसतो आणि जागेच्या इतके आहारी गेले तर रचनाकाराच्या प्रतिभेला वाव काय राहिला? न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क याचे उत्तर देते. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा आराखडा १८५८ मध्ये निवडला गेला. आजचे ८४३ एकरांचे हे उद्यान बव्हंशी माणसाने घडवलेले आहे. सुरुंग लावले, माती आणली, जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घातल्या. पण दलदल होती तिथे तळे केले, बरेचसे कातळ उघडे ठेवले, आणि शहराचे चार आडवे रस्ते खाली खोदून नेले, जेणेकरून गाड्यांनी उद्यानाचे तुकडे पडू नयेत. प्रतिभा इथे भरपूर आहे, फक्त ती जागेच्या प्रश्नांवर खर्च झाली आहे. मात्र याच जागेवर सेनेका व्हिलेज नावाची, बहुसंख्य कृष्णवर्णीयांची वस्ती होती आणि उद्यानासाठी ती १८५७ मध्ये उठवली गेली. कातळ राखले, माणसे राखली नाहीत. जमिनीवर आधीपासून कोण राहते हेही न पाहणारी पाहणी अपुरीच म्हणावी लागेल.

तेव्हा नगरपालिकेचे उद्यान असो की सोसायटीचे अंगण, आराखड्याच्या रंगीत चित्राआधी उताराचा नकाशा, मातीची खोली, एका पावसाळ्यातल्या पाण्याच्या वाटा आणि जागेचा रोजचा वापर यांची नोंद मागावी. एवढा वेळ कोणाकडे आहे, असे विचारले जाईल. पाहणीत वाचवलेला वेळ पाणीपट्टी, टँकर आणि पुनर्लागवड यांच्या बिलांतून दरवर्षी वसूल होतो, आणि ती बिले रचनाकार निघून गेल्यावर नागरिकांनाच भरावी लागतात. म्हणून पाहणीला वेळ आणि पैसा देण्याची अट त्यांनीच कामाच्या निविदेत घालून घेतली पाहिजे.