फटींचा हिवाळा

बुंदेलखंड म्हटलं की उन्हाळा आठवतो. पण मे महिन्यात 45 अंश सोसणारी झाशी जानेवारीत 10 अंशांच्या खाली उतरते, आणि धुकं पडलं की दुपारपर्यंत ऊन दिसत नाही. शहराच्या दतिया गेट या जुन्या वेशीच्या परिसरात माणसं शेकोटीपाशी जमतात. जुन्या दगडी भिंतींच्या आश्रयाने राहणाऱ्या जिवांना मात्र थंडी आपापल्या बळावर काढावी लागते.

हे बळ सगळ्यांचं सारखं नसतं. चिमणी पिसं फुलवून अंगाभोवती हवेचा थर धरून ठेवते. खार ऊन पडताच बाहेर येते आणि खाऊन अंगातली ऊब टिकवते. पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून भारतात उतरतात; मागोवा घेताना ते 7,000 मीटरहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद झाली आहे. तिबेट-मंगोलियाचा हिवाळा मागे टाकून आलेल्या या पाहुण्यांना आपली कडाक्याची थंडी ऊबदारच वाटत असणार.

पाल, सरडा, नाग यांची गोष्ट निराळी. त्यांचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही, म्हणून त्यांना तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकीच ऊर्जा लागते. थंडी वाढली की साप खाणं थांबवतो, कारण गार पडलेल्या पोटात भक्ष्य पचत नाही, कुजतं. मग तो बिळात किंवा भिंतीच्या फटीत खोल शिरतो. हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास विरळ होतो. जाड दगडी भिंतीत दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक आत जाता जाता विरत जातो. बाहेर पारा कितीही खाली-वर झाला, तरी आत तो फारसा हलत नाही. सापाचा सारा हिवाळा या स्थिर कोपऱ्याच्या भरवशावर असतो.

म्हणूनच मला वाटतं, इथल्या वन्यजीवांना थंडीपेक्षा आसरा हरवण्याचं भय मोठं आहे. आपल्याकडे डागडुजीची कामं पावसाळा सरला की निघतात, म्हणजे नेमकी हिवाळ्यात. उन्हाळ्यात करणी वाजताच सरडा पळतो. डिसेंबरात गारठलेला सरडा हलूही शकत नाही. त्याच्यावर सिमेंट ओतलं जातं आणि कुणाला कळतही नाही. अशा कामांचा धोका पक्ष्यांनाही आहे. जवळच ओरछ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे जुन्या स्मारकांवर, गिधाडं हिवाळ्यातच घरटी करतात. मादी वर्षाला एकच अंडं घालते. डायक्लोफिनॅक या जनावरांच्या औषधाने गिधाडांची संख्या 90 टक्क्यांहून अधिक घटली आणि 2006 मध्ये त्यावर बंदी आली. अशा पक्ष्याचं एक घरटं उठणंही परवडणारं नाही.

भिंती ढासळू द्याव्यात, असं कुणी म्हणणार नाही. वस्तीत सापाची भीतीही खोटी नाही. घराला लागून असलेली भोकं बुजवावीच लागतात. पण भिंतीला धोका देणारी भेग वेगळी आणि शंभर वर्षं निमूट असलेली फट वेगळी. पहिली भरावी, दुसरी राहू द्यावी. भरण्याआधी आत उजेड टाकून पाहावं, आणि शक्य असेल तिथे सरपटणाऱ्यांच्या फटींचं काम होळीनंतर, ते आपणहून बाहेर पडल्यावर काढावं. वारसा जपणाऱ्यांच्या कामाच्या यादीत एवढी एक ओळ वाढवायला पैसा लागत नाही. जुनी भिंत जपायची, तर तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेले जीवही त्या जपणुकीत धरायला हवेत.