काडीमोडीचा कागद

मूल नाही, मालमत्तेचा तंटा नाही आणि वेगळं व्हायला दोघंही राजी. वकिलाकडे याहून सोपं प्रकरण येत नाही. पण डहाणू तालुक्यातल्या नरपडमध्ये ते सोपं आहे की नाही, हे त्या जोडप्याची जात-जमात ठरवते.

नरपड ते घोलवड या चिकूवाड्यांच्या पट्ट्यात मांगेले, वारली, इराणी-पारशी अशी सगळी वस्ती आहे. मांगेला जोडप्याला हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब लागतं. १९७६ साली ते कायद्यात आलं. वर्षभर वेगळं राहायचं (एकाच घरात, पण नवरा-बायकोसारखं नाही, तरी चालतं), मग दोघांनी मिळून अर्ज करायचा, पुन्हा सहा महिने थांबायचं आणि तेच कोर्टात परत सांगायचं. देणंघेणं मिटलेलं असेल आणि समेटाची आशा उरली नसेल, तर ही मुदत माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं. ज्यांचं मन केव्हाच उठलंय, त्यांना ताटकळवण्यात मलाही शहाणपण दिसत नाही. पारशी जोडप्याचा कायदा १९३६चा. त्यात १९८८ साली परस्परसंमती आली, पण ही सहा महिन्यांची अट आली नाही.

आणि वारली जोडपं? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २(२) नुसार केंद्राने खास अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. त्यांची काडीमोड रूढीने होते. जाणती माणसं पंच म्हणून बसतात, देजाचा (वधूमूल्याचा) हिशेब मिटतो, दोघं आपापल्या वाटेने जातात. कोर्टापेक्षा हे कितीतरी माणुसकीचं. मात्र एखाद्या जोडप्याने भटजी बोलावून सप्तपदी केली असेल, तर कायदा कुठला? दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मीणा जमातीच्या एका जोडप्याला हिंदू विवाह कायदाच लावला, कारण त्यांचं लग्न हिंदू रीतीने झालं होतं.

खरी अडचण काडीमोडीनंतर येते. २००६च्या वनहक्क कायद्याने मिळालेला वनजमिनीचा पट्टा विवाहित असल्यास नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. दोघं वेगळे झाले तर त्या जमिनीचं काय, यावर कायदा गप्प आहे. बाई माहेरी गेली तरी तिचं नाव कागदावर राहतं आणि भात मात्र नवरा पिकवतो. पुढे वाद झालाच, तर रूढीने काडीमोड झाली होती हे सिद्ध करायचं ओझं तसं म्हणणाऱ्यावर. पंच तोवर हयात असतील तर नशीब!

यावर कोर्टाची सक्ती हा उपाय मला मान्य नाही. जे गावात एका बैठकीत मिटतं, ते तारखांच्या हवाली कशाला करायचं? डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. रूढी आणि तंटे मिटवण्याची पारंपरिक पद्धत जपायला ग्रामसभा सक्षम आहे, असं १९९६चा पेसा कायदा सांगतो. मग ग्रामसभेने काडीमोडीची वही ठेवावी. तारीख, देजाचा निवाडा, पट्ट्यावरच्या जमिनीची वहिवाट, दोघांच्या सह्या किंवा अंगठे आणि पंचांची नावं. तो कोर्टाचा हुकूमनामा नसेल, पण पुरावा नक्कीच असेल. पट्ट्याबद्दलचं मौन मात्र सरकारनेच सोडायला हवं.

तोवर ज्यांना कोर्टाची पायरी चढावीच लागेल, त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७च्या कायद्याने कुठल्याही स्त्रीला आणि कुठल्याही आदिवासीला, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो.